तेराव्यानंतरचं घर

इंदूरच्या मराठी वस्तीत, मग ते रामबाग असो, राजेंद्र नगर असो की सुदामा नगर, कुणाचा तरणा मुलगा किंवा मुलगी अचानक गेली की अर्ध्या तासात फाटकाबाहेर चपलांचा ढीग लागतो. कुणी शववाहनाला फोन करतं, कुणी सतरंज्या आणतं, कुणी न विचारता स्वयंपाकघरात शिरून चहाचं पातेलं चढवतं. तेरा दिवस घर भरलेलं असतं. चौदाव्या दिवशी सकाळी दाराशी फक्त घरच्यांच्या चपला उरतात. बँकेची पत्रं, पोलीस थान्यातल्या खेपा, रिकामी खोली आणि रात्री तीनला उघडणारे डोळे हे सगळं त्यानंतर सुरू होतं. माणसांच्या मायेत काही कमी नसते, पण तिची वाटणी चुकते. सगळी मदत पहिल्या पंधरवड्यात खर्ची पडते आणि पुढच्या वर्षासाठी कुणी उरत नाही.

म्हणून नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी, मित्रांनी पहिल्या दिवसापासूनच ठरवावं की कोण आत्ता आणि कोण नंतर. चार भाचे असतील तर दोघांनी तेरा दिवस सांभाळावेत आणि दोघांनी मुद्दाम सुट्टी राखून चौदाव्या दिवसापासून यावं.

पहिल्या काही तासांचं आधी बघू. बातमी कशी सांगावी यावर आपल्याकडे एक पक्की सवय आहे. ‘अ‍ॅक्सिडेंट झालाय, सिरियस आहे, तुम्ही या’ असं सांगून आईवडिलांना दवाखान्यापर्यंत आणायचं आणि खरं तिथे कळू द्यायचं. हेतू चांगला असतो, पण आमचं मत स्पष्ट आहे : आईवडिलांशी असं करू नये. त्या दोन तासांत ते देवाला नवस बोलतात, आणि नंतर वर्षानुवर्षं ‘तेव्हा तो होता की नव्हता’ हे मनात उगाळत बसतात. ज्यांनी सांगितलं त्यांच्यावरचा विश्वासही जातो. जवळच्या माणसाने घरी जावं, आईला खाली बसवावं, तिच्या शेजारी बसावं आणि दोन वाक्यांत सांगावं : ‘काकू, वाईट बातमी आहे. तो गेला.’ त्यानंतर बोलू नये, हात धरून बसून राहावं. आई घरात एकटी असेल तर फोनवर सांगू नये. आधी शेजारच्या वहिनींना तिच्याकडे पाठवावं.

अपघात, आत्महत्या किंवा कारण न कळलेला अचानक मृत्यू असेल तर पोलीस येणारच. याचा अर्थ घरच्यांवर संशय आहे असा नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे अशा प्रत्येक मृत्यूची चौकशी करावी लागते. १ जुलै २०२४ पूर्वी हेच काम फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होत असे. आपल्याकडे थान्यात याला ‘मर्ग कायम करणं’ म्हणतात. त्याला एक क्रमांक मिळतो आणि तो मर्ग क्रमांक पुढे विम्यापासून न्यायालयापर्यंत सगळीकडे विचारला जातो, तेव्हा त्याच दिवशी लिहून घ्यावा. मग पंचनामा आणि पीएम, म्हणजे शवविच्छेदन. एम. वाय. या सरकारी रुग्णालयाच्या शवागाराबाहेर ‘सकाळपर्यंत थांबा’ असं ऐकून नातेवाईक चिडतात. नोव्हेंबर २०२१ पासून सोय असलेल्या रुग्णालयांना सूर्यास्तानंतरही शवविच्छेदन करता येतं, पण खून, आत्महत्या किंवा संशयाची प्रकरणं त्यातून साधारणपणे वगळलेली आहेत. त्यामुळे रात्र काढावी लागू शकते. अशा वेळी वडिलांना शवागाराबाहेरच्या बाकावर बसवून ठेवण्यात काही अर्थ नाही. तिथे दोन तरुणांनी थांबावं आणि वडिलांना घरी आईजवळ आणावं.

नेत्रदानाचा विषय काढायचा असेल तर वेळ फार थोडा असतो. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात. तोवर पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा आणि डोक्याखाली उशी द्यायची. काम वीसेक मिनिटांत होतं आणि चेहऱ्यावर काही दिसत नाही. पोलिसांचं प्रकरण असेल तर त्यांना आधी सांगावं लागतं. इंदुरात नेत्रदानाची चांगली परंपरा आहे, पण विचारायचं एकदाच. आईने मान हलवली नाही तर विषय तिथेच सोडायचा.

देह पाहू द्यावा की नाही, यावर घरोघर वाद होतात. ‘आईला दाखवू नका, सहन होणार नाही’ असं बहुतेक पुरुष मंडळी ठरवून टाकतात. ज्यांना पाहू दिलं नाही त्यांना मृत्यू खरा वाटायला फार वेळ लागतो, आणि मनात आणलेलं चित्र बहुधा प्रत्यक्षापेक्षा भयंकर असतं. चेहऱ्याला इजा असेल तर एकाने आधी आत जाऊन बघावं, बाहेर येऊन आईला नेमकं सांगावं की ‘डाव्या बाजूला पट्टी आहे, उजवा हात तसाच आहे’, आणि मग तिला विचारावं. कधीकधी चादरीतून नुसता हात बाहेर काढला तरी पुरतं. आई त्या हाताची नखं बघते, मनगटावरचा लहानपणचा व्रण बघते. तिला पाच मिनिटं तिथे राहू द्यावं. ‘चला, उशीर होतोय’ म्हणणाऱ्याला बाहेर पाठवावं.

याच दिवशी कुणीतरी कोपऱ्यावरून शंभर पानी वही आणावी. ही वही एकाच माणसाच्या हातात असावी : एखादा मावसभाऊ किंवा आत्याचा मुलगा, जो घरचा आहे पण दुःखाच्या अगदी मध्यावर नाही. पहिल्या पानावर मर्ग क्रमांक, थान्याचं नाव, तपास अधिकाऱ्याचा फोन. मग कुणाकुणाला कळवलं. मग खर्च, रोजचा रोज, कुणी किती दिले यासह. मागच्या बाजूने पुढच्या कामांची पानं. आईवडिलांना या दिवसांत सांगितलेलं लक्षात राहत नाही. त्यांनी काय सही केली हेही महिन्याभराने आठवत नाही. वही त्यांच्या वतीने लक्षात ठेवते.

सावडण्याच्या दिवशी अस्थी नर्मदेवर न्यायच्या असतील तर एक गोष्ट पक्की ठरवा : घरचं कुणीही गाडी चालवणार नाही. बडवाहजवळच्या खेडीघाटाला किंवा ओंकारेश्वरला जाताना सिमरोलच्या पुढे भेरू घाट उतरावा लागतो, ट्रकची वर्दळ असते आणि वडील किंवा भाऊ तीन रात्री झोपलेले नसतात. पाण्यात उतरताना वडिलांच्या दोन्ही बाजूंना माणूस हवा.

दहाव्याची एक गोष्ट गुरुजींशी आदल्या दिवशीच बोलून ठेवावी. पिंडाला कावळा शिवला नाही की मागे कुजबुज सुरू होते, ‘काहीतरी इच्छा राहिली’. पंचवीस-तीस वर्षांच्या माणसाची कुठली इच्छा राहिलेली नसते? हे वाक्य आईच्या कानावर पडलं की ती ते जन्मभर बाळगते. कावळा न येण्याचं कारण बहुतेकदा साधं असतं : घाटावर गर्दी असते आणि एकाच वेळी दहा पिंड मांडलेले असतात. अशा वेळी दर्भाचा कावळा करून शिववण्याची रीत आहेच. किती वेळ थांबायचं आणि मग दर्भ घ्यायचा, हे आधी ठरलेलं असलं की तास-दोन तास सगळ्यांनी आभाळाकडे बघत उभं राहायची वेळ येत नाही.

उठावना, म्हणजे सगळ्यांनी एका ठरलेल्या वेळी येऊन भेटण्याची शोकसभा, इथल्या मराठी घरांनीही आता बराचसा स्वीकारला आहे, आणि ती चांगली सोय आहे. भेटायला येणारे तासाभरात भेटून जातात. पेपरात बातमी देताना मृत्यूचं कारण आणि घराचा पूर्ण पत्ता देऊ नये. उठावन्याच्या वेळी घर कुलूपबंद ठेवू नये, एकाने मागे राहावं. बातमी वाचून ‘विम्याचे पैसे अडकलेत, ओटीपी सांगा’ असे फोन येऊ शकतात, म्हणून पैशाबद्दलचा कुठलाही फोन थेट वहीवाल्या माणसाकडे द्यायचा.

आता शरीराचं. शोक आधी अंगात उतरतो. घसा आवळतो, छातीत दडपण येतं, तोंडाला चव राहत नाही, चालताना पाय जड होतात. पहिल्या दिवशी घरात चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भात येतो, तो बहुतेक तसाच राहतो. नंतर नातेवाईक पुरी-भाजी, मिठाई, कचोरी असं जड खाणं आणतात आणि ते येणाऱ्याजाणाऱ्यांतच संपतं. आईवडिलांना चालतं ते मऊ आणि थोडंथोडं. एक वाटी तांदूळ, पाऊण वाटी मूगडाळ, सहा वाट्या पाणी, हळद, मीठ, वरून चमचाभर तूप अशी सैल खिचडी चार जणांना एका वेळेस होते. ताटात वाढून ‘जेवा’ म्हणण्यापेक्षा छोट्या वाटीत अर्धी वाटी हातात द्यावी आणि दोन-तीन तासांनी परत द्यावी. पाण्याचा तांब्या आणि भांडं हाताशी असू द्यावं. रडून रडून आणि न पिऊन डोकं दुखतं, चक्कर येते.

वडिलांच्या बीपीच्या, मधुमेहाच्या गोळ्या चुकणं हा या दिवसांतला सगळ्यात टाळता येण्याजोगा धोका आहे. औषधांच्या पाकिटांचा फोटो काढून एकाने सकाळ-संध्याकाळ गोळी हातात द्यायची जबाबदारी घ्यावी. जो जेवत नाही त्याला मधुमेहाची नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन पूर्ण मात्रेत दिलं तर साखर खाली जाऊ शकते, म्हणून पहिल्याच दिवशी घरच्या डॉक्टरांना फोन करून विचारावं. छातीत दुखलं तर ‘दुःखाने होतंय’ म्हणून सोडू नये. तीव्र आघाताने हृदयाचा खालचा भाग तात्पुरता फुगून निकामी होण्याचा एक आजार आहे. जपानी डॉक्टरांनी त्याला ऑक्टोपस पकडायच्या मडक्यावरून ‘ताकोत्सुबो’ असं नाव दिलं. तो पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये जास्त दिसतो आणि हार्ट अटॅकपासून बाहेरून वेगळा ओळखता येत नाही. १०८ ला फोन करावा आणि ईसीजी काढावा.

झोपेच्या गोळ्यांबद्दल एवढंच : शेजारच्या मावशींच्या डब्यातली अर्धी गोळी कधीच देऊ नये. म्हाताऱ्या माणसाचा रात्री तोल जातो, सवय लागते, आणि अंत्ययात्रेच्या वेळी गोळी देऊन झोपवलेल्या आईला पुढे ‘मला त्याला निरोपही देता आला नाही’ हे दुःख वेगळं सोसावं लागतं. फारच गरज असेल तर डॉक्टरांनी द्यावी, मोजक्या रात्रींसाठी.

काय बोलावं, हा प्रश्न सगळ्यांना छळतो. ‘देवाला चांगली माणसं आधी लागतात’, ‘दुसरा आहे ना, त्याच्याकडे बघा’, ‘काळ हेच औषध’, ‘मागच्या जन्मीचं देणं होतं’, ‘काका, तुम्हीच रडलात तर काकूंनी कुणाकडे बघायचं?’ ही वाक्यं बोलणाऱ्याची अस्वस्थता कमी करतात, ऐकणाऱ्याची नाही. इंदूरचं म्हणून एक वाक्य आहे : ‘अहिल्यामातेनेही सोसलंच ना!’ खरं आहे, १७६७ मध्ये तिचा एकुलता मुलगा मालेराव गेला, १७९१ मध्ये जावई गेला आणि मुलगी मुक्ताबाई त्याच्या चितेवर चढली. पण जिच्या दारात आज सतरंजी अंथरली आहे तिला दुसऱ्या आईचं मोठेपण ऐकवणं म्हणजे ‘तूही तसंच वाग’ असं सांगणं. तसं वागण्याची तिच्यावर सक्ती नाही.

चालतं ते साधं असतं. ‘काय बोलावं कळत नाही, काकू. बसतो थोडा वेळ.’ गेलेल्याचं नाव घ्यावं. ‘त्याने मागच्या गणपतीत आमच्याकडची आरास रात्रभर जागून केली होती’ अशी खरी, बारीक आठवण सांगावी. आईवडिलांना माहीत नसलेली गोष्ट असेल तर ती त्यांना सोन्यासारखी वाटते. नाव घेतलं तर त्यांना आठवण येईल ही भीती फोल आहे. ते विसरलेलेच नसतात. आणि ‘काही लागलं तर सांगा’ या वाक्याने त्यांच्याच डोक्यावर एक काम वाढतं. त्याऐवजी ‘गुरुवारी अकराला येतो, तुम्हाला बँकेत घेऊन जातो’ असं म्हणावं आणि गुरुवारी अकराला दारात उभं असावं.

इथे एका गैरसमजाबद्दल लिहायला हवं. नकार, राग, सौदेबाजी, खिन्नता, स्वीकार या शोकाच्या पाच पायऱ्या आता सगळ्यांना पाठ झाल्या आहेत. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी त्या १९६९ मध्ये मांडल्या त्या स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्यांसाठी नव्हे. त्यामुळे ‘सहा महिने झाले, अजून रागाच्या पायरीवरच’ असं आईला मोजू नये. १९९९ मध्ये मार्गारेट स्ट्रोब आणि हेन्क शुट या अभ्यासकांनी मांडलेलं वर्णन आम्हाला घरातल्या अनुभवाच्या जास्त जवळचं वाटतं : माणूस कधी दुःखात बुडतो, कधी रोजच्या कामात डोकं घालतो, आणि या दोन्हींमध्ये सारखा येरझारा घालतो. दुपारी मालिका बघताना आई हसली तर ती विसरली असं नाही. रात्री ती पुन्हा त्याचा शर्ट छातीशी धरून बसेल. दोन्ही गरजेचं आहे.

माणूस अचानक गेला की मागे राहिलेल्यांचं मन आणखी एक करतं : वाट बघणं सोडत नाही. संध्याकाळी सात वाजता गल्लीत स्कूटीचा आवाज आला की आई आपोआप गॅस मोठा करते, तव्यावर पोळी टाकते, आणि मग हात थांबतो. कुणाला जिन्यात पावलं ऐकू येतात, कुणाला गर्दीत पाठमोरा तोच दिसतो. हे वेड नव्हे आणि भूतबाधाही नव्हे. आजीने यावर उतारा काढायचं ठरवलं तर तिला प्रेमाने थांबवावं.

नवराबायकोंचं दुःख एका वेळी एकाच चालीने चालत नाही. आई बोलून बोलून सांगते, वडील गप्प होतात, पाचव्या दिवशी दुकान उघडतात किंवा ऑफिसला जातात. तिला वाटतं याला काही नाही; त्याला वाटतं मी खचलो तर घर खचेल. दोघांनाही हा फरक कुणीतरी उघड सांगितला तर बराच कडवटपणा टळतो. वडिलांना ‘कसे आहात’ विचारून उत्तर मिळत नाही. त्यांच्याबरोबर संध्याकाळी चालायला जावं. शेजारी चालताना, समोर न बघता, पुरुष बोलतात.

मागे राहिलेल्या भावंडाकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. पहिल्या दिवसापासून त्याला एकच वाक्य ऐकू येतं, ‘आता आईबाबांना तूच सांभाळायचंस.’ त्याचाही भाऊ गेलेला असतो. भेटायला जाताना त्याच्यासाठी वेगळं जावं, त्याच्या मित्रांना बोलवावं, आणि पुण्या-बंगळूरची नोकरी सोडून परत येण्याचा निर्णय सहा महिने तरी घेऊ देऊ नये.

गेलेला विवाहित असेल तर सून हे सगळ्यात अवघड नातं. मंगळसूत्र, टिकली, कपडे यांबद्दल तिला कुणीही काही सुचवू नये, तिचं ती ठरवेल. नातवंडाला ‘बाबा झोपलेत’ किंवा ‘बाबा गावाला गेलेत’ सांगू नये. चार वर्षांचं मूल मग झोपायलाच घाबरतं किंवा रोज दाराशी वाट बघतं. ‘बाबांच्या गाडीला अपघात झाला, त्यांचं शरीर बंद पडलं, ते मेले, ते परत येणार नाहीत. तुझी काळजी आई आणि आजी-आजोबा घेणार’ एवढं पुरे, आणि ते पुन्हा पुन्हा विचारेल तेव्हा तेच पुन्हा सांगावं.

आत्महत्या असेल तर भेटायला येणाऱ्याने ‘कसं केलं’ आणि ‘का केलं’ हे दोन्ही प्रश्न दाराबाहेर ठेवून यावं. घरचे तेच हजार वेळा स्वतःला विचारत असतात. कारण कधीच एक नसतं, आणि शेवटच्या दिवसाचं भांडण हे कारण ठरवून सुनेला किंवा वडिलांना दोषी धरणं म्हणजे त्या घरात दुसऱ्या जिवाला धोका निर्माण करणं. अशा घरातल्या तरुण भावंडांवर आणि मित्रांवर महिनोन्महिने लक्ष ठेवावं.

कागदपत्रांचं काम तेराव्यानंतर, पण फार लांबवू नये. मृत्यूची नोंद २१ दिवसांत विनाशुल्क होते. नंतर विलंब शुल्क लागतं आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच होते. अपघात देवासजवळ झाला पण प्राण इंदूरच्या दवाखान्यात गेला असेल तर नोंद इंदूर नगर निगमकडे. मुलगा पुण्यात गेला असेल तर पुणे महापालिकेत. रुग्णालयात मृत्यू झाला असेल तर कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची, तरी फॉर्मवरची नावं घरच्या माणसाने वाचून घ्यावीत. आधारवरचं, बँकेतलं आणि दाखल्यावरचं नाव एका अक्षराने जरी वेगळं झालं तरी प्रत्येक खिडकीवर अडतं. मराठी आडनावांचं हिंदीत काहीही होतं, त्यामुळे हे इथे जास्तच जपावं. दाखल्याच्या दहा प्रती काढून ठेवाव्यात.

मग मुलाचं पासबुक उघडा आणि मे-जूनच्या नोंदी बघा. ४३६ रुपये कापलेले दिसले तर प्रधानमंत्री जीवनज्योती विमा, २० रुपये दिसले तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा. पहिल्यात कुठल्याही कारणाने मृत्यू झाला तरी दोन लाख, दुसऱ्यात अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. दावा त्याच बँकेत करायचा, शक्यतो ३० दिवसांत. ही रक्कम अनेक घरांत कुणाला माहीतही नसते. नोकरीत असताना मृत्यू झाला असेल आणि पीएफ कापला जात असेल तर पीएफबरोबरच ईडीएलआय नावाचा विमा लागू होतो, सात लाखांपर्यंत. त्यासाठी मुलाने काही भरलेलं नसतं, म्हणून पगाराच्या चिठ्ठीवर तो दिसतच नाही. कंपनीच्या एचआरला या नावानेच विचारा. अपघातात मृत्यू असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायला कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. तेराव्यानंतर ‘आता बघवत नाही’ म्हणून फाइल कपाटात गेली की ती मुदत निघून जाते. एफआयआर, पंचनामा, पीएम रिपोर्ट यांच्या प्रती थान्यातून आणाव्यात. व्हिसेरा, म्हणजे देहातल्या अवयवांचे नमुने, तपासणीला पाठवला असेल तर मृत्यूचं कारण ‘राखून ठेवलं’ असं लिहिलेलं असतं आणि विमा कंपनी त्यावर थांबते. हा अहवाल यायला महिने लागतात, त्यात घरच्यांची चूक नसते.

पैशावरून घर फुटतं ते बहुधा ‘नॉमिनी’ या शब्दावरून. बँकेतला नॉमिनी पैसे स्वीकारणारा असतो, मालक नाही. अविवाहित मुलगा मृत्युपत्र न करता गेला तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पहिल्या वर्गातली वारस आई. वडील दुसऱ्या वर्गात येतात. हे ऐकून बऱ्याच वडिलांना धक्का बसतो. विवाहित मुलाच्या बाबतीत बायको, मुलं आणि आई यांचे समान वाटे. विवाहित मुलीच्या बाबतीत पहिला हक्क नवरा आणि मुलांचा. विम्यात आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर २०१५ पासूनचा नियम वेगळा आहे, म्हणून वकिलाला विचारूनच बोलावं. मुलाच्या कर्जापायी वसुलीवाल्यांचे फोन आले तर कुठल्याही कागदावर सही करू नये. वारस फक्त मिळालेल्या मालमत्तेपुरते बांधील असतात. मात्र शैक्षणिक कर्जात वडील सहकर्जदार किंवा जामीनदार असतील तर त्यांची जबाबदारी उरते. मुलाच्या मृत्यूनंतर त्याचं एटीएम कार्ड किंवा यूपीआय वापरून पैसे काढू नयेत. पुढे दुसरा वारस त्यावर बोट ठेवतो.

वर्षातले काही दिवस वहीत आधीच लिहून ठेवा : वाढदिवस, गेल्याची तारीख, दर महिन्याची तिथी, गणपती, दिवाळी. होळीला आपल्याकडे गमी, म्हणजे मृत्यूचा शोक, असलेल्या घरी जाऊन गुलाल लावायची पद्धत आहे. ती चांगली आहे, पण पन्नास जण दोन-दोन मिनिटं येऊन कपाळाला बोट लावून गेले तर आईला नुसतं थकवतात. आदल्या दिवशी विचारावं, तिघा-चौघांनी जावं आणि तासभर बसावं. रंगपंचमीला गेरची, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीची, गर्दी राजवाड्याकडे निघते तेव्हा, जो मित्र दरवर्षी त्याच्याबरोबर जायचा, त्याने त्या सकाळी घरी येऊन पोहे खाल्ले तर त्या दिवसाचं ओझं थोडं वाटून घेतलं जातं.

‘देवा, मलाही घेऊन जा’ असं बहुतेक आया म्हणतात. ते ऐकून विषय बदलू नये. शेजारी बसून सरळ विचारावं, ‘काकू, जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल, कशाने आणि कधी हेही मनात असेल, गोळ्या साठवलेल्या दिसल्या, वडील अचानक दारूवर गेले, किंवा वर्ष झालं तरी रोजचं अंघोळ-जेवणही होत नसेल आणि तळमळ पहिल्या महिन्याइतकीच असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावं. धोका आत्ताचा असेल तर त्यांना एकटं सोडू नये. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६ आहे, चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं.

शेवटी खोली आणि फोन. ‘सामान देऊन टाका, डोळ्यासमोर नको’ म्हणत पंधराव्या दिवशी कपाट रिकामं करणारे असतात. आईने न धुतलेला शर्ट मागे ठेवला असेल तर तो धुवायला टाकू नये, त्यात वास आहे. खोलीला घाई नाही. वर्षभर तशीच राहिली तरी चालेल. फोनला मात्र घाई आहे. बँकेचे, विम्याचे ओटीपी त्याच नंबरवर येतात, आणि न वापरलेलं प्रीपेड सिम साधारण ९० दिवसांत बंद पडू शकतं. नंबर नंतर दुसऱ्याला मिळतो, आणि मग आईने एका रात्री तो लावला तर अनोळखी माणूस ‘कौन?’ म्हणतो. व्हॉट्सअ‍ॅपचं खातं १२० दिवस न वापरलं तर बंद होतं. त्यातले आवाजातले निरोप, ‘आई, उशीर होईल, जेवून घे’ एवढेच का असेनात, आधी दोन ठिकाणी उतरवून घ्यावेत : एक पेनड्राइव्ह आईकडे, एक भावंडाकडे. चुकीचा पासवर्ड वारंवार टाकून फोन कुलूपबंद करू नये. वहीच्या शेवटच्या पानावर त्या नंबरच्या रिचार्जची तारीख लिहावी, आणि तिच्यासमोर तो कुणी करायचा त्याचं नाव.